गाव कंचं?

माणूस पहिल्यांदा भेटला की आपण नाव विचारतो, फार तर काय करता ते विचारतो. नलवडेकाका थेट विचारतात, "गाव कंचं?" तुम्ही बापडे कौतुकाने गावाचं नाव सांगता आणि तिथली देवी, तिथले आंबे यांच्याकडे वळणार, तोवर काकांनी डोळे मिटलेले असतात. मग ते डोळे उघडतात आणि निकाल देतात, "पावणेचार तास."

म्हणजे तुमच्या गावाहून सगळ्यात जवळचा न्यूरॉलॉजिस्ट, मेंदूचा डॉक्टर, पावणेचार तासांवर. एसटीने.

माझ्या मुलाखतीच्या दिवशीही त्यांनी हेच केलं. मी रत्नागिरीकडची, घाटाखालची. "चार तास. पावसाळ्यात पाच," काका म्हणाले. "घरात कुणाला फिटबीट येत न्हाई ना?" मी नाही म्हटलं. "मग बसा." मला वाटलं, ही नोकरीची अटच आहे. त्याला आता चौदा वर्षं झाली.

आमचं ऑफिस वाशीला, खाली झेरॉक्सवाला आणि वर आम्ही. दारावर पाटी आहे ती देशभरातल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या संघटनेची. पाटी बघून लोकांना वाटतं आत डॉक्टर बसलेत. आत मी असते, काका असतात आणि एक कुलर असतो, तोही बंद. वर्षातून एकदा अधिवेशन भरवायचं, कुठल्या आजारावर कसे उपचार करावेत ते ठरवायचं, तरुण डॉक्टरांचे वर्ग घ्यायचे, लोकांसाठी पत्रकं काढायची आणि निवडणुका लढवून एकमेकांवर रुसायचं, ही संघटनेची कामं. ती डॉक्टर लोक आपापल्या गावी बसून करतात. आम्ही पत्रं पाठवतो, फोन घेतो आणि रुसलेल्यांना आठवणीने दिवाळीचं कार्ड धाडतो.

काका इथे शिपाई म्हणून लागले आणि चढत चढत ऑफिस सुपरिंटेंडंट झाले. शिक्षण अकरावी. पण सभासदांची यादी त्यांना तोंडपाठ आहे, आणि एसटीचं वेळापत्रकही. या दोन गोष्टी एका डोक्यात आल्या की माणसाचं काय होतं, ते आमच्या एवढ्या डॉक्टरांपैकी एकालाही अजून सांगता आलेलं नाही.

भिंतीवर भारताचा नकाशा आहे. एक सभासद म्हणजे एक लाल टाचणी. एखाद्या आडगावी नवा न्यूरॉलॉजिस्ट गेला की काका पेढे आणतात, चप्पल काढून स्टुलावर चढतात आणि टाचणी खोचतात. "अख्ख्या तालुक्याचे दोन तास वाचले, मॅडम!" त्या डॉक्टरच्या आईलासुद्धा एवढा आनंद झाला नसेल.

उलट कुणी छोट्या गावातून मुंबईकडे यायचं ठरवलं आणि पत्ता बदलायचा फॉर्म पाठवला, की काकांचा चेहरा सुतकी होतो. तो फॉर्म मग ऑफिसात हरवतो. तीन-तीन आठवडे सापडत नाही. "सर, फॉर्म मिळाला न्हाई ओ. पुन्हा पाठवा. आन् सर, एक विचारू? वाशीला कशापायी येताय? हितं कांद्याच्या गोणीपेक्षा न्यूरॉलॉजिस्ट जास्त झालेत." एका डॉक्टरांनी कंटाळून बेतच रद्द केला. तो फॉर्म काकांच्या खणात हळदीकुंकवाची बोटं लावून ठेवलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

घरीही हेच. पुतणीला एक स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, शेती बागायती, सगळं उत्तम. काकांनी गाव विचारलं, डोळे मिटले. "साडेचार तास. नगं." पुढच्या मुलाला धड नोकरी नव्हती, पण तो चाळीस मिनिटांवर होता, काका म्हणाले, "नोकरी काय, लागंल." पुतणीच्या आईने हात जोडले आणि पुढची बोलणी काका ऑफिसात असताना केली. तरी लग्नात बुंदीच्या प्रत्येक पाकिटात एक घडी घातलेलं पत्रक निघालंच: 'फिट आल्यास काय करावे, काय करू नये.' नवरदेवाच्या मामांनी ते आहेराची पावती समजून जपून खिशात ठेवलं.

आता खरी अडचण सांगते. ती फोनची. आमचा नंबर इंटरनेटवर आहे. घरातलं माणूस आजारी पडलं की लोक मोबाइलमध्ये शोधतात आणि फोन लावतात आमच्याकडे. यावर संघटनेचा नियम स्पष्ट आहे. आम्ही एकच वाक्य बोलायचं: "ही डॉक्टरांची संघटना आहे, इथे रुग्ण तपासले जात नाहीत." काका शिस्तीचे. चौदा वर्षांत त्यांनी हे वाक्य एकदाही गाळलं नाही. वाक्य पुरं करायचं, श्वास घ्यायचा आणि विचारायचं, "बरं, गाव कंचं?"

मग पुढची दहा मिनिटं डॉक्टरचं नाव, ओपीडीचे वार, कुठली एसटी, कुठल्या फाट्याला उतरायचं. औषधाचं मात्र चुकूनही बोलत नाहीत. "त्ये डॉक्टरचं काम. आपलं काम रस्त्याचं."

यंदा निवडणुकीत नव्या सचिव आल्या. पुण्याच्या, हुशार, वक्तशीर. त्यांनी कळवलं की हा फोन बंद करायचा विचार आहे. उद्या ऑफिसातल्या माणसाने भलतंच काही सांगितलं आणि रुग्णाचं बरंवाईट झालं, तर जबाबदार संघटना. शनिवारी स्वतः येऊन बघते आणि ठरवते. मला त्यांचं म्हणणं चूक वाटलं नाही. मी हे बोलून दाखवलं, तर काका दोन दिवस माझ्याशी तुटक वागले आणि माझ्या चहात साखर घालेनात.

शनिवारी मॅडम आल्या. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मॅडमनी नकाशा पाहिला, फायली पाहिल्या, आणि "नलवडे, हा फोन..." म्हणताहेत तोच तो वाजला.

काकांनी मॅडमकडे पाहिलं आणि फोन उचलला. "ही डॉक्टरांची संघटना आहे, इथे रुग्ण तपासले जात नाहीत." एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मॅडमनी मान डोलावली.

पलीकडे एक बाई रडत होती. आमच्या फोनचा आवाज खोलीभर ऐकू येतो. नवऱ्याला फिट आली होती, आत्ता, अंगणात. शेजारपाजारचे जमले होते. "दातखीळ बसलीय ओ, कांदा फोडून नाकाला लावलाय, तरी उठना!"

काका उभे राहिले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र शांत.

"ताई, कांदा फेका. पहिला कांदा फेका. तोंडात कायबी घालू नगा. त्यास्नी दाबून धरू नगा. एका कुशीवर करा. केलं? डोक्याखाली लुगडं, टॉवेल, कायबी मऊ द्या. आता मी हितं घड्याळ बगतो, तुमी त्यांच्याकडं बगा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी काढायची. गाडी हाय कुणाची? गाडीवाल्याला थांबवून ठेवा."

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत होता. काका मिनिटं मोजत होते. "एक झालं... ताई, मी हाय... दोन झाली..." मी मॅडमकडे पाहिलं. त्याही घड्याळाकडेच बघत होत्या. तिसरं मिनिट भरता भरता बाई ओरडली, "थांबलं ओ! डोळं उघडलं!"

काका धपकन खुर्चीत बसले. घाम पुसला. "बरं, गाव कंचं?" त्यांनी डोळे मिटले, उघडले. "दीड तास. लिवून घ्या."

फोन ठेवल्यावर मॅडमनी विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तुमीच," काका म्हणाले आणि पत्रकाचा गठ्ठा पुढे केला. "ह्ये छापता, मॅडम. पर छापल्यालं पोचवायला कुणीतरी लागतंय."

मॅडम बराच वेळ ते पत्रक वाचत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "लिहून घ्या. फोन चालू राहील. पहिलं वाक्य नियमाप्रमाणे. त्यापुढे या पत्रकात आहे तेवढंच आणि जवळच्या डॉक्टरचं नाव. बाकी अक्षर नाही." आणि जिना उतरता उतरता थांबून, "नलवडे, मी चिपळूणची बरं का." काकांनी तत्परतेने डोळे मिटले.

त्या गेल्यावर मी चहा केला. काकांनी तो बशीत ओतला. मला एकदम लाज वाटली. एवढ्या वर्षांत या माणसाने शेकडो गावं विचारली आणि मी त्यांना त्यांचं कधी विचारलंच नव्हतं.

"काका, तुमचं गाव कंचं?"

ते हसले. "गाव सातारच्या वरल्या अंगाला. पर त्ये इचारू नगं, पोरी." चौदा वर्षं मी त्यांची 'मॅडम' होते, 'पोरी' आजच झाले. "माझा थोरला भाऊ हितं वाशीत, कांदा-बटाटा मार्केटात गोण्या उचलायचा. त्याला आकडी यायची. तितं कांद्याला काय तोटा? चौघं धावायचे, चार कांदे फोडायचे. आमाला वाटलं बाहेरचं हाय. उचलून गावाला नेला. धा तास परवास करून. अंगारं झालं, धुपारं झालं. एक दिवस हिरीवर पानी शेंदाया गेला, तितंच आकडी आली."

त्यांनी कप खाली ठेवला.

"त्याला जाऊन चार वर्सं झाल्यावर मी हितं लागलो. पहिलंच काम, पत्रकाच्या घड्या घालायचं. घड्या घालता घालता वाचलं, कांदा हुंगवू नका, डॉक्टरला दाखवा. भाऊ मार्केटात होता त्या टायमालासुद्धा वाशीत तसला डॉक्टर होता. जुन्या यादीत नाव होतं."

मग सवयीने त्यांनी डोळे मिटले. या वेळी बराच वेळ ते उघडले नाहीत.

"मार्केटपासनं चालत," ते म्हणाले, "धा मिन्टं."