सहा बशांना औषध

उजवा हात प्लास्टरमध्ये आणि प्रबंध द्यायला महिना उरलेला, अशा अवस्थेत सूनबाईंनी सासूबाईंना प्रयोगशाळेत नेलं. तसा त्यात वेडेपणा काही नव्हता. सासूबाईंनी शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली होती. त्यांच्या हातून थेंब इकडचा तिकडे होत नसे. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनीही रीतसर परवानगी दिली.

काम सोपं होतं. बारा बशांमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी वाढत होत्या. सहांना नुसतं खाद्य द्यायचं आणि सहांना खाद्यात मिसळलेलं नवं औषध.

"खाद्य? कॅन्सरला?" पाच वर्षांपूर्वी याच दुखण्यातून उठलेल्या सासूबाईंचा हात थबकला. "म्हणजे सापाला दूधच पाजायचं की!"

"आई, त्याशिवाय प्रयोग होत नाही हो. निळ्या झाकणाचं खाद्य, लाल झाकणाचं औषध."

एवढ्यात सरांचा फोन आला आणि सूनबाई बोलायला बाहेर गेल्या. परत येऊन पाहतात तर बाराही बशा भरून, झाकून, टेबल पुसून तयार. असा मदतनीस मिळायला भाग्य लागतं, असं त्यांना वाटलं.

दोन दिवसांनी त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि त्यांची पाचावर धारण बसली. औषधाच्या सहा बशांतल्या पेशी मेल्या होत्या, हे ठीक. पण उरलेल्या सहांतल्याही मेल्या होत्या! औषधावाचूनच मरत असतील, तर औषधाने मेल्या असं सांगायचं कोणत्या तोंडाने?

सरांनी बशा उबेत ठेवायच्या इन्क्युबेटरवर संशय घेतला. मेकॅनिक आला. तापमान बरोबर निघालं. पण आलोच आहोत तर म्हणून त्याने पंखा काढला आणि तो काही केल्या परत बसेना. शेजारच्या प्रयोगशाळेने त्यातल्या आपल्या बशा उचलून दुसऱ्या मजल्यावर पोबारा केला. सरांनी मग पाण्यावर संशय घेतला, आणि शेवटी सूनबाईंकडे नुसतं पाहिलं. प्रबंध आता वर्षभर लांबणार, या विचाराने त्या रडतच घरी आल्या.

"सगळ्या मेल्या?" सासूबाईंचा चेहरा उजळला. "मग रडतेस काय वेडे? अगं, मी बाराही बशांना लालमधलंच दिलं होतं. निम्म्यांना मोकळं सोडायला माझा हातच धजेना!"

सूनबाईंना हसावं की रडावं कळेना. "आई, तुम्हाला ज्या गोळ्यांनी बरं वाटलं ना, त्याही कुणीतरी आधी अशाच तपासल्या असणार. निम्म्या बशांना औषध, निम्म्यांना नाही. ज्यांना दिलं नाही त्यांतल्या पेशी नीट जगल्या, म्हणून तर औषध खरं ठरलं."

सासूबाई म्हणाल्या, "सरांना फोन लाव. मीच सांगते."

सरांनी कपाळाला हात लावला आणि मग पोट धरून हसले. "बाई, पेशींचा साठा अजून आहे, पंखाही एकदाचा बसलाय. उद्या पुन्हा लावा. फक्त या वेळी मी मध्येच फोन करणार नाही."

दुसऱ्या दिवशी सूनबाई जागच्या हलल्या नाहीत. सासूबाईंनी औषधाच्या सहा बशा झटपट उरकल्या. मग निळ्या झाकणाची बाटली घेऊन पहिली बशी भरली. हात जोडायला मोकळे नव्हते, म्हणून त्यांनी मान लववली.

"जेवा गं बायांनो, पोटभर जेवा," त्या बशीला म्हणाल्या. "पाच वर्षं झाली, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते."

आणि त्याच भरलेल्या बशीत आणखी वाढायला त्यांनी पिपेटची नळी पुन्हा बाटलीत बुडवली.

"आई!" सूनबाई ओरडल्या. "आग्रह करायचा नाही!"