बाबांच्या केसांना लावलेली शिडी

आमच्या घरात मोठ्यांना 'का?' विचारायचं नाही. हा नियम कुणी केला, तेही विचारायची सोय नाही. लहानपणी मी एकदा विचारलं होतं. "असं असतं म्हणून," असं आत्या म्हणाली, आणि आत्या बोलली की आमच्याकडे विषय संपतो. (आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबांनी साठी ओलांडली, तरी ती त्यांना रोज 'जेवलास का?' विचारते. तो 'का' चालतो.)

त्यामुळे मला नोकरी लागली तेव्हा मी हरखून गेले. नोकरीच मुळी 'का?' विचारण्याची, आणि वर पगार! मार्केट रिसर्च कंपनी. लोक साबण, शाम्पू, बिस्किटं का घेतात ते त्यांच्या तोंडून काढायचं आणि जाहिरातवाल्यांच्या हातात द्यायचं. आमच्या साहेबांची त्यासाठी एक खास पद्धत होती. तिला ते 'शिडी' म्हणत.

"माणूस पहिलं उत्तर खोटं देतो," साहेब म्हणाले. "दुसरं शेजाऱ्यांना पटेल असं देतो. आपण फक्त 'का?' 'का?' करत एकेक पायरी खाली उतरायचं. जिथे त्याचा आवाज बदलेल, तिथे थांबायचं. जाहिरात तिथे असते."

मी भारावले. (मी पटकन भारावते. कॉलेज झालेलं असलं की आपण विचारपूर्वक भारावतोय असं वाटतं, एवढाच फरक.)

साहेबांनी गृहपाठ दिला. केसांना डाय लावणाऱ्या एका पुरुषाला शिडी लावायची आणि बोलणं रेकॉर्ड करून पाठवायचं. पुरुष शोधायला मला चपलाही घालाव्या लागल्या नाहीत. आमचे बाबा अधूनमधून बाथरूमचं दार लावून, नळ मोठा सोडून बराच वेळ आत असतात आणि बाहेर येतात ते काळेभोर होऊन. कानांसकट. घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी चकार शब्द काढत नाही.

"बाबा, एक विचारू? कामाचं आहे. रेकॉर्ड करावं लागेल."

"विचार की."

"तुम्ही डाय का लावता?"

बाबांनी उठून आधी खोलीचं दार लावलं. "कोण म्हणतं मी डाय लावतो?"

"टॉवेल."

"पांढरे चांगले दिसत नाहीत म्हणून लावतो. झालं?"

"का चांगले दिसत नाहीत?"

"म्हातारा दिसतो मी."

"मग आहातच ना! लपवायचं का?"

"हे प्रश्न तुझे आहेत की कंपनीचे?"

"कंपनीचे."

"मग ठीक आहे," म्हणून बाबा ऐसपैस बसले. पोटच्या पोरीनं विचारलेला 'का' उद्धटपणा असतो. तोच कंपनीनं विचारला की सर्व्हे होतो.

"म्हातारं दिसायचं का नाही, बाबा?"

बाबा नखाला लागलेला काळा डाग खरवडू लागले. मग त्यांचा आवाज बदलला.

"तू आम्हाला फार उशिरा झालीस, बाळा. आरशात पांढरं डोकं दिसलं की वाटतं, ही मार्गी लागेपर्यंत मी पुरेन ना? काळं केलं की चार दिवस तसं वाटत नाही." आणि लगेच घाईघाईनं, "आईला बोलू नकोस हं. झोपायची नाही ती."

अशा वेळी कुठलीही चांगली मुलगी बापाच्या गळ्यात पडली असती. मीही पडले. पण गळ्यात पडल्या पडल्या माझ्या डोक्यात आलं, अगदी साहेब म्हणाले तस्साच बदलला की आवाज! शाबासकीच्या आशेनं मी ते रेकॉर्डिंग साहेबांना पाठवून दिलं. नाव न सांगता. (बोलू नकोस म्हणाले ते आईला. साहेबांचा उल्लेख कुठे होता?)

दुसऱ्या दिवशी साहेब खुर्चीत मावत नव्हते.

"सोनं आहे, सोनं! जाहिरातीत एवढीच ओळ: 'ती मार्गी लागेपर्यंत...' आणि खाली बाटली. ह्याच गृहस्थांना कॅमेऱ्यासमोर बसवू. कोण आहेत हे?"

"ओळखीचे."

"ओळखीचे तुम्हाला 'बाळा' म्हणतात?"

आता कुठे माझी ट्यूब पेटली. "सर, ही त्यांची भीती आहे. ती दाखवून आपण डाय विकायचा?"

"भीती आपण निर्माण करतो का? ती असतेच. आपण तिला फक्त बाटली देतो."

ह्यावर मी सडेतोड उत्तर दिलं. पण ते संध्याकाळी, बसस्टॉपवर, एकटीच उभी असताना. ऑफिसात मी एवढंच म्हणाले, "मी त्यांना आणणार नाही."

"हरकत नाही," साहेब म्हणाले.

रविवारी दारावरची बेल वाजली. ऑफिसातल्या कागदांतून माझा पत्ता काढून साहेब स्वतःच आले होते, डायच्या बाटल्यांचा खोका घेऊन. मी काही बोलायच्या आत आईनं त्यांना सोफ्यावर बसवून चहा टाकला होता, आणि बाबांना डायच्या जाहिरातीत घ्यायचंय हे साहेबांनी सांगूनही टाकलं होतं.

"हे टीव्हीवर येणार?" आई हरखली.

"सगळीकडे येणार, वहिनी!"

"पाठीत वाकून बसू नकोस तिथे," आत्यानं बाबांना बजावलं. बाबा आत्तापासूनच ताठ बसले. 'केस छान झाले' एवढंच म्हणायचंय, अशी त्यांची समजूत होती.

"आत्या, अगं ऐक तर..." मी तोंड उघडलं.

"मोठी माणसं बोलताहेत ना? गप्प बस."

"बोलायचं काय पण मी?" बाबांनी विचारलं.

"नवीन काहीच नाही. मागे मुलीशी बोललात, अगदी तसंच. थांबा, ऐकवतोच." साहेबांनी मोबाईल काढला. आई कौतुकानं पुढे सरकली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मी ताडकन उभी राहिले.

"नाही! ऐकवायचं नाही! ही जाहिरात होणार नाही, नोकरी गेली तरी चालेल! आत्या, तू मध्ये बोलू नकोस. एक माणूस दार लावून आपल्या मुलीला सांगतो की पांढरं डोकं पाहिलं की वाटतं, ही मार्गी लागेपर्यंत मी पुरेन ना! वर म्हणतो, आईला बोलू नकोस, ती झोपायची नाही! ते काय चारचौघांत ऐकवायला? त्यांनी ते मुलीला सांगितलंय, तुमच्या बाटलीला नाही!"

आत्या गप्प, साहेब गप्प. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्यांची बोलती बंद केली होती. छाती फुगवून मी एकेकाचा चेहरा बघत गेले. बाबा मान खाली घालून बसले होते. आईच्या हातातला कप तसाच अधांतरी होता आणि ती डोळे भरून बाबांच्या डोक्याकडे बघत होती.

साहेबांनी मोबाईल हळूच खिशात ठेवला. रेकॉर्डिंग ऐकवायची आता गरजच उरली नव्हती.