मास्तरांचा केक

रंगाच्या कारखान्यातल्या फिल्टर विभागाच्या प्रमुखांना सगळे मागून 'मास्तर' म्हणत. चुकीचा शब्द कानावर पडला की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रंग दाबाने गाळणाऱ्या फिल्टर प्रेसला कुणी 'गाळणी' म्हणालं, तर त्याच्याशी ते दिवसभर अबोला धरत. म्हणूनच फळ्यावरची सूचना वाचून ते तडक ऑफिसात घुसले.

"'आज तीन वाजता मास्तरांचा केक. सर्वांनी यावे.' हे काय लिहिलंत, बाई?"

"तुम्हीच तर फोनवर म्हणालात, तीनला केक निघेल, सगळ्यांना शिकायला बोलवा!" ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. "शिकायला म्हटलं की कोण येतंय? म्हणून तेवढं गाळलं."

"अहो, फिल्टर केक! द्रव कापडातून पार होतो, गाळ कापडावर साचतो. त्या थराला केक म्हणतात!"

"मग सरळ गाळच म्हणायचं ना! म्हणजे वाढदिवस नाहीये तुमचा?"

"नाही!"

"अगंबाई! साहेब तर गुच्छ घेऊन निघाले."

तीनला सगळा कारखाना लोटला. हिशेबवाले आले, पहारेकरी आले, आधीच मागवलेला केक नि मेणबत्त्या घेऊन बाई आल्या, पांढऱ्याशुभ्र शर्टात साहेब आले. मास्तर तावातावाने प्रेससमोर उभे राहिले. प्रेसमध्ये द्रव ढकलणारा पंप चालूच होता.

"हा वाढदिवस नाही! कापडातून पार होतो तो फिल्ट्रेट. रंगीत गढूळ द्रव ती स्लरी. आणि गाळणी घरी असते, चहाला!"

"वाढदिवस नाही, तर मेणबत्त्या कशाला आणल्या?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

झालं! मास्तर त्या माणसाकडे वळले आणि असे बरसले, की पंप बंद करायचं भानच राहिलं नाही. प्रेसच्या प्लेटांमधली जागा गाळाने केव्हाच भरली होती. दाबाचा काटा चढत गेला आणि फटीतून निळी चिळकांडी उडाली ती थेट साहेबांच्या छातीवर.

मास्तरांनी धावत पंप बंद केला.

"पाहिलंत?" मास्तर साहेबांच्याच शर्टाकडे बोट दाखवून ओरडले. "केक भरला की द्रवाला वाट उरत नाही. मग दाब वाढतो, आणि मग हे असं होतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना ते प्रात्यक्षिकच वाटलं. साहेबांनी शर्ट पुसून निळा झालेला हात पुढे केला. "चांगलं शिकवता हो! फक्त पुढच्या वेळी मला आधी सांगा."

मग प्लेटा उघडल्या, दाबून कोरड्या झालेल्या गाळाच्या निळ्या लाद्या धपाधप पडल्या आणि बाईंनी आणलेला केकही कापला गेला. मास्तरांनी तीनदा 'नको' म्हटलं. शेवटी रागारागातच एक तुकडा तोंडात टाकला, सावकाश चघळला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ओल फार राहिलीय," ते म्हणाले. "अजून दाबायला हवा होता."