मागचं डावं चाक

"परत बसलंय," अण्णा खिडकीच्या गजांना नाक लावून म्हणाले.

"कोण बसलंय?" बायकोने विचारलं. तिच्या हातात चहाची किटली होती.

"चाक. मागचं डावं."

"अगं बाई!" किटली ओट्यावर तशीच टेकवून तीही खिडकीशी आली. जणू गाडीला ताप भरलाय, अशा नजरेने दोघं नवराबायको अंगणात बघत राहिली.

एरवी चाक बसलं तर बसलं, कोण एवढं मनाला लावून घेतो? पण त्यांच्या लेकीचे दिवस भरत आले होते. जावई बोटीवर, भर समुद्रात. हॉस्पिटल डोंगराच्या पलीकडे, आणि मधला रस्ता असा की ना वाटेत दुकान, ना घर, ना फोनला रेंज. डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं, "कळा सुरू झाल्या की तडक निघा. चहा पिऊन निघू, असं म्हणू नका." त्या दिवसापासून अण्णांचा जीव चार चाकांवर टांगलेला होता, आणि आता त्यातलं एक चाक फितूर झालं होतं.

"बाबा, मी टॅक्सीला सांगून ठेवते ना सरळ," लेक आतल्या खोलीतून म्हणाली.

"घरात गाडी असताना टॅक्सी? लोक काय म्हणतील? अगं, मी जन्मभर केलं काय?"

"पाण्याच्या गळत्या शोधल्या."

"मग?"

"मग काय? पाण्याच्या."

"पाणी काय नि हवा काय! जे बाहेर पडतंय ते कुठून तरी पडतंयच."

अण्णांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली होती. रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची, कांबेला कान लावायचा आणि खालचा पाइप नेमका कुठे फुटलाय ते सांगायचं, हे त्यांचं काम. सारं गाव त्यांना गळतीअण्णा म्हणायचं. एकदा तर एका मोठ्या पाहुण्याचं भाषण चालू असताना त्यांनी व्यासपीठाला कान लावला होता आणि पाहुण्यासकट व्यासपीठ बाजूला करायला लावलं होतं. खाली खरोखरच पाइप फुटलेला निघाला. पाहुण्याचं भाषण मात्र तिथेच आटलं ते आटलंच.

त्यांची कामाची एक पद्धत होती. संशय एका जागी धरायचा आणि त्या जागेचा दाब सकाळ, दुपार, संध्याकाळ मोजायचा. बाकीकडे ढुंकूनही बघायचं नाही, लक्ष फाटतं. याच पद्धतीने, डॉक्टरीणबाईंनी बजावलं त्याच दिवशी, त्यांनी मागच्या डाव्या चाकावर संशय धरला होता आणि हवा मोजायचं एक गेज आणून दाराजवळच्या खिळ्याला अडकवलं होतं. सकाळी उठून आधी चाक, मग तोंड धुणं. गुडघे कुरकुर करत ते चाकापाशी बसायचे, व्हॉल्व्हचं टोपण काढायचे आणि गेज टेकवायचे. गेजचं तोंड नीट बसेपर्यंत जरा फुसफुस व्हायची, मग आकडा यायचा. आकडा कालच्यापेक्षा कमीच असायचा.

"गळतंय," अण्णा घरात येऊन सांगायचे.

"किती?" बायको विचारायची.

"थोडं. पण थोडंच वाईट असतं. फुटलेलं चाक निदान प्रामाणिक असतं."

शेवटी ते गाडी घेऊन पंक्चरवाल्याकडे गेले. त्याने चाक काढलं, पाण्याच्या टाकीत बुडवून गोल गोल फिरवलं. अण्णा टाकीवर असे वाकले होते की अजून थोडे वाकते तर चाकासोबत तेही तपासून झाले असते. एक बुडबुडा म्हणून आला नाही.

"चाक ठणठणीत आहे, अण्णा."

"मग हवा जाते कुठे?"

"आता ते मी कसं सांगू? हवा काय चिठ्ठी ठेवून जाते?"

"व्हॉल्व्ह बदल."

"चांगला आहे."

"चांगला असला तरी बदल. लेक अवघडलेली आहे माझी."

त्याने व्हॉल्व्ह बदलला, हवा भरली, वर साबणाचं पाणी लावून दाखवलं. अण्णा घरी आले, त्यांनी खात्रीसाठी गेज लावलं. दुपारी लावलं, संध्याकाळी लावलं. सकाळी आकडा खाली.

त्या दिवशी अण्णांना जेवण गेलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर तो डोंगर, ते वळण आणि वळणावर एका अंगाला कललेली गाडी. मागे लेक कण्हतेय आणि आपण रस्त्याच्या कडेला जॅक लावतोय. त्यांनी पानावरून उठून थेट स्टेपनी काढली आणि मागच्या डाव्या जागी बसवली. जुनं चाक डिकीत टाकलं. "आता बघतो," ते म्हणाले.

बघितलं, तर स्टेपनीची हवाही जायला लागली.

अण्णा पुन्हा पंक्चरवाल्याकडे. त्याने डिकी उघडून जुन्या चाकावर अंगठा दाबला. चाक दगडासारखं टणक.

"हे बघा. याला काही झालेलं नाही."

"म्हणजे डिकीत असतं तेव्हा शहाण्यासारखं वागतं, आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात लावलं की हवा सोडतं," अण्णा हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "दोष चाकात नाहीच. दोष जागेत आहे."

"अण्णा, मी चाकाचं पंक्चर काढतो. जागेचं काढत नाही."

पण अण्णांच्या डोक्यात जे शिरलं ते शिरलं. जागेत दोष म्हणजे अंगणात दोष. त्यांनी अंगण दोनदा झाडून घेतलं, लोहचुंबकाला दोरी बांधून कोपरा न कोपरा फिरवला. एक गंजलेला खिळा आणि बायकोची हरवलेली सुई सापडली. मग गाडी उलट्या तोंडाने उभी केली. तरी हवा गेलीच, आणि गेली ती मागच्या डाव्याचीच. उरलेल्या तीन चाकांबद्दल अण्णांना काहीच माहीत नव्हतं. त्यांच्याकडे बघायचं नाही, हाच तर नियम होता.

आता एकच शक्यता उरली होती. माणूस.

"कुणीतरी मुद्दाम सोडतंय," अण्णा बायकोच्या कानात म्हणाले.

"कोण सोडेल? आपण कुणाचं काय घोडं मारलंय?"

"त्या व्यासपीठावरच्या पाहुण्याचं."

"अहो, ते वारले कधीच!"

तरी अण्णा पडद्याआड खुर्ची टाकून बसले. टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. घरातल्या घरात टोपी कशाला, ते त्यांनाच ठाऊक. आणि खरंच, ऊन कलल्यावर फाटक हळूच उघडलं. शेजारचे टेलरकाका इकडे तिकडे बघत आत आले आणि नेमके मागच्या डाव्या चाकापाशी खाली बसले.

अण्णा धावले. पायातली एक चप्पल वाटेतच राहिली.

"टेलर! भरल्या घराशी असं वागता? माझ्या लेकीच्या जिवावर उठलात?"

टेलरकाका दचकून मागे पडले. त्यांच्या हातात गेज होतं, अण्णांच्यासारखंच.

"जिवावर? अहो अण्णा, तुमच्या काळजीने मला शिवण सुचत नाही! परवा एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन डाव्या बाह्या लावल्या मी. रोज येता-जाता बघून जातो, हवा आहे की नाही. तुम्हाला कशाला सांगून घाबरवायचं? पोर तुमची तशी माझीही आहे."

अण्णांना भरून आलं. त्यांनी टेलरकाकांना हात देऊन उठवलं, पाठीवरची माती झटकली.

"माफ करा. किती दाखवतंय तुमचं?"

"कमीच."

"बघा! म्हणजे माझं गेज बरोबर आहे!"

दोघांनी लगोलग ताडून बघितलं. आधी अण्णांनी मोजलं, मग टेलरकाकांनी, मग शंका नको म्हणून गेजांची अदलाबदल करून दोघांनी पुन्हा. दोन्ही गेजं एकमतानं सांगत होती की हवा जातेय. इतकं चोख एकमत झाल्यावर अण्णांचा जीव आणखीनच घाबरा झाला. तेव्हापासून टेलरकाका चोरून येईनासे झाले. उघड येऊ लागले, आणि पूर्वीपेक्षा जास्त वेळा.

मग एका दुपारी लेक दारात येऊन उभी राहिली. तिने चौकट घट्ट धरली होती.

"बाबा, निघायला हवं."

घरात एकच धांदल उडाली. पिशवी भरलेलीच होती, तरी बायकोने ती उपसून पुन्हा भरली. अण्णांना किल्ली सापडेना. ती त्यांच्याच मुठीत होती. आरडाओरडा ऐकून टेलरकाका गळ्यात मोजायची टेप घेऊन तसेच धावत आले. लेकीला मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसवलं, पाठीशी उशी दिली, काच खाली केली. आणि मग अण्णा स्टिअरिंगकडे न जाता खाली बसले.

"एकदा बघतो फक्त."

फुस्स.

"जरा कमी आहे. पण जाईल."

"थांबा," टेलरकाका म्हणाले, "शंका नको. माझ्या गेजनं बघू." फुस्स. "अण्णा, जरा नाही, बरंच कमी आहे!"

"व्हा बाजूला दोघं!" बायको अण्णांच्या हातातलं गेज ओढून घेत म्हणाली. "घाईत काहीतरीच वाचता. मला सवय आहे. तुम्ही दुपारी झोपलात की मी रोज बघते." फुस्स. तिचा चेहरा पांढरा पडला. "अहो, अजून कमी झाली!"

"म्हणजे आत्ता! या क्षणी! डोळ्यांदेखत गळतेय!" अण्णा ओरडले. "कुणी हलू नका. सापडली म्हणून समजा." त्यांनी जमिनीवर लोळण घेतली आणि टायरला कान लावला. भूमिगत पाइपांचं हृद्गत ओळखणारा तो कान. सगळे श्वास रोखून उभे.

"काही ऐकू येत नाही," अण्णा खालून म्हणाले.

"परत मोजू का?" टेलरकाकांनी विचारलं.

खिडकीतून लेकीचं डोकं बाहेर आलं. कपाळावर घाम, केस विस्कटलेले. "बाबा... ते फुस्स कसलं होतं?"

"कुठलं फुस्स?"

"तुम्ही ते टेकवता तेव्हा होतं ते."

"ते होय. गेज बसताना जरा..." अण्णांचं वाक्य तिथेच अडकलं.

"जरा?" कळ आली तशी तिने दाराला गच्च धरलं, ती ओसरू दिली आणि मग एका दमात बोलली. "जरा तुमचं तीनदा, जरा काकांचं येता-जाता, जरा आईचं दुपारी! त्या चाकानं हवा ठेवायची तरी कशी? हात लावू नका कुणी त्याला!"

अण्णा मातीत आडवेच होते. पाण्याच्या पाइपावर दाबाचं मीटर कायमचं बसवलेलं असतं; हजारदा वाचा, थेंब सांडत नाही. जन्मभर तसं वाचायची सवय. चाकाला विचारायचं तर दर खेपेला थोडी हवा द्यावी लागते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आयुष्यात त्यांनी किती गळत्या शोधल्या होत्या. स्वतः केलेली ही पहिलीच.

"बाबा, उठता का? की मीच चालवू?"

टेलरकाकांनी पळत जाऊन सायकलचा पंप आणला आणि टेपचा शेला मागे टाकून हवा मारायला लागले.

"पुरे?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"मोजल्याशिवाय कसं सांगू?" अण्णा म्हणाले.

"मोजायचं नाही!" मायलेकी एकदमच ओरडल्या.

अण्णांनी बायकोकडचं गेज घेऊन टेलरकाकांच्या हातात कोंबलं. "हे ठेवा. मी मागितलं तरी देऊ नका."

"आणि माझं?"

"ते तुमच्या घरी वहिनींकडे द्या."

डोंगराचा तो रस्ता अण्णा आयुष्यात विसरणार नव्हते. प्रत्येक खड्ड्याला ते लेकीच्या आधी कण्हत होते. बायको अर्धी खिडकीबाहेर, चाकाकडे नजर लावून. "आहे... आहे... अजून आहे," ती सांगत होती. चाक बापडं मुकाट फिरत राहिलं. त्याला कुणी छळलं नाही, तर त्याची काही तक्रार नव्हती.

नात झाली. दोन्ही जिवांची सुटका सुखरूप झाल्याचं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा अण्णा भिंतीला टेकून लहान पोरासारखे रडले.

घरी न्यायच्या दिवशी गाडी हॉस्पिटलच्या झाडाखाली उभी होती. इतके दिवस तिला कुणी बोट लावलं नव्हतं. मागचं डावं चाक गच्च होतं. अण्णांनी त्याच्याकडे एकवार बघितलं, ओशाळून नजर वळवली आणि गाडी सुरू केली.

गाडी डोंगर चढू लागली. मागच्या सीटवरून लेकीचा आवाज आला.

"आई, हिचा श्वास चाललाय ना गं?"

"चाललाय की. आत्ताच तर बघितलंस."

"थांब, परत बघते." ती मांडीवरच्या गाठोड्यावर वाकली, नाकापाशी बोट धरलं, सरळ झाली. जरा वेळ गेला. पुन्हा वाकली.

"अगं, किती वेळा बघशील?" बायको हसून म्हणाली. "चक्कर येईल तुला."

अण्णांनी आरशातून मागे बघितलं आणि गाडी अजून थोडी हळू केली.

"बघू दे तिला," ते म्हणाले. "तिथं बघितल्यानं काही कमी होत नाही."