चीन बघून आलेला माणूस

आमचे शेजारी मन्मथअप्पा नांदेडच्या एसटीसाठी लातूरच्या स्टँडवर तासभर आधी जाऊन उभे राहतात. हातात आधार कार्ड तयार. ते कुणीच मागत नाही.

"चायनात गाडी सुटायच्या आधी फाटक बंद करतेत, सर. कार्ड बघितल्याशिवाय आत सोडत न्हाईत. बघून आलेला माणूस सांगतोय."

अप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. बासष्टाव्या वर्षी त्यांनी ते पुतण्यावर सोपवलं, कॉलेजच्या पोरांसारखी बॅग पाठीला अडकवली आणि महिनाभर एकटेच चीन फिरून आले. तिथला सगळा प्रवास रेल्वेनं. काकूंनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती. खिशात चिनी अक्षरांतला एक कागद होता : मी मांस, मासे, अंडी खात नाही. एका हॉटेलवाल्यानं तो नीट वाचला, मान डोलावली, वाडग्यातले मटणाचे तुकडे चमच्यानं काढले आणि तोच वाडगा पुढं ठेवला.

मोठ्या भिंतीबद्दल अप्पांचं मत असं : "दगड पक्का हाय. पण लांबी लई झाली. कुठं थांबावं कळलं न्हाई त्यांना." जुन्या राजाच्या थडग्यात पुरलेल्या हजारो मातीच्या शिपायांत सारखी दोन तोंडं सापडतात का, हे त्यांनी दोन तास तपासलं. शेवटी पहारेकरी जवळ येऊन उभा राहिला.

रेल्वेच्या प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याची टाकी असते. अप्पांनी ती ठोकून बघितली. डब्याची देखरेख करणारी बाई धावत आली आणि बराच वेळ बोलली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"भाव विचारली असंल. म्हणलं, स्टील चांगलं हाय."

समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला त्यांनी कडक भाकरी दिली. त्यानं ती उलटीसुलटी करून बघितली, मांडीवर ठेवली आणि तिच्यात संत्र्याची सालं टाकायला लागला.

"मग?"

"मग काय? सालं झटकून मीच खाल्लो."

एकदा त्यांच्या मोबाइलमधले फोटो बघत होतो. एका गावाचेच चाळीसेक फोटो निघाले. त्यात ना देऊळ, ना किल्ला. एक फाटक, कपडे वाळत घातलेल्या खिडक्या, एक साधी खानावळ.

"इथं काय आहे, अप्पा?"

"महेशचं होस्टेल."

महेश हा त्यांचा एकुलता मुलगा. चीनमध्ये डॉक्टरकी शिकला, आता नांदेडला असतो. शिकत असताना एका सुट्टीत घरी आला आणि आपण अंडी-मटण खातो हे त्यानं खरं सांगून टाकलं. गळ्यात लिंग घातलेल्या, पक्क्या लिंगायत अप्पांनी त्याला भरल्या पंगतीतून उठवलं. त्यानंतर महेश लातूरला येई, आईला भेटे, न जेवता परत जाई. अप्पा नांदेडला दुकानाच्या मालासाठी जात, पण त्याच्या घराची पायरी कधी चढले नव्हते.

"आत सोडले न्हाईत मला," अप्पा सांगत होते. "फाटकासमोरच्या खानावळीत सहा दिवस जेवलो. कागद दाखवायचो. भात आन कोबी मिळायची. कोबीत पण कायतरी असायचं, मग नुसता भात. पाचव्या दिवशी चक्कर येऊन रस्त्याच्या कडेला बसलो. मी बासष्ट वर्षांचा माणूस, सर. लेकरू एकोणीस वर्षांचं होतं."

अप्पांनी मोबाइल बंद केला. मग म्हणाले, "नांदेडला येता का? एकट्याला जमायचं न्हाई."

गेल्या महिन्यात गेलो. महेशनं दार उघडलं आणि तो गडबडला. "अप्पा, तुमच्यासाठी बाहेरून मागवतो. शुद्ध शाकाहारी."

"बाहेरचं कशाला? घरात हाय ते वाढ."

वरण-भात होता. आम्हा दोघांना वाढून महेश स्वतःचं ताट घेऊन आतल्या खोलीकडं निघाला. अप्पांनी त्याचं मनगट धरलं.

"हितंच बस."

तो बसला. मग अप्पा भात कालवत म्हणाले, "उपाशी ऱ्हात होतास, तर सांगायचं होतंस मला."

"सांगितलं होतं, अप्पा. फोनवर. दोनदा."

अप्पांचा हात थांबला.

"हाव," ते म्हणाले. "सांगितला होतास. मीच ऐकलो न्हाई."

महेशनं वरणाची वाटी त्यांच्याकडं सरकवली. अप्पांनी ती घेतली, आणि आधी त्याला वाढलं.