दहा वाट्या मध, आजन्म

एका जंगलात, बाळांनो, मोबाइलची रेंज पोचली नव्हती, पण योजना पोचल्या होत्या. तिथे झिपरोजी नावाचे एक अस्वलआजोबा राहायचे. वय झालेलं, गुडघे गेलेले. झाड दिसलं की ते खालूनच त्याला नमस्कार करायचे.

उभ्या आयुष्यात त्यांनी एक ढोली भरून मध साठवला होता. हा संपला तर पुढे खायचं काय, या काळजीने ते तो खातच नव्हते.

एक दिवस साळोजी साळिंदर आला.

"आजोबा, मध नुसता पडून आहे," तो म्हणाला. "मला द्या. मी तो वडावरच्या मधमाश्यांना खायला घालतो. त्या जोमात येतात आणि जास्त मध करतात. तुम्हाला रोज दहा वाट्या. आजन्म."

"आणि हयात असेपर्यंत?" आजोबांनी खात्री करून घेतली.

"हयात असेपर्यंतसुद्धा."

दोन्ही मिळतंय म्हटल्यावर आजोबा खूश झाले.

"अहो, वाटी केवढी ते तरी विचारा," केसरआजी म्हणाल्या. या त्यांच्या पत्नी.

"दहा म्हणालाय तो. नऊ नाही," आजोबा म्हणाले.

साळोजीने पाठीवरचा एक काटा उपटून दिला. आजोबांनी त्या काट्याने वडाच्या पानावर सही केली. पानाच्या मागे बारीक अक्षरांत आणखी बरंच काही लिहिलं होतं. ते फक्त मुंग्यांनी वाचलं आणि त्या हसत हसत निघून गेल्या.

पहिल्या महिन्यात पळस फुलला होता. वाटी आली ती घमेल्याएवढी. सातव्या वाटीला आजोबांना झोप लागली.

पुढे ऊन तापलं, फुलं कमी झाली. वाटी आली ती पणतीएवढी. त्यानंतर आली चिंचोक्याच्या टरफलाएवढी. आजोबांनी मोजल्या. दहा भरल्या. पोट काही भरेना.

"अरे साळोजी, मधमाश्या मेल्या की काय?"

"छे. मध या महिन्यात दोन बोटं वाढलाय."

"वाढलाय? मग वाटी घटली कशी?"

"चार बोटं वाढेल असं धरलं होतं, आजोबा. चाराच्या वर वाढला की वाटी मोठी. बरोबर चार वाढला की आहे तेवढीच. चारापेक्षा कमी वाढला की लहान. पानाच्या मागे आहे सगळं."

"धरलं कोणी?"

"मी."

"म्हणजे चुकायचं तू आणि उपाशी राहायचं मी?"

"वाट्या दहा आहेत की नाहीत, ते सांगा."

आजोबांनी पुन्हा मोजल्या. दहाच होत्या. त्यांना ते कबूल करावं लागलं.

केसरआजी मात्र घरातली कढई घेऊन आल्या. "उद्यापासून या भांड्याने दे."

"चालेल की, आजी. भांडं तुमचं, मग आकडा माझा."

आजोबा घाबरले. "नको, नको. दहा राहू दे." दहाचा आकडा त्यांनी जंगलभर सांगून ठेवला होता. शेजारच्या रानडुकराला तर आठच मिळायच्या.

आजोबा वाळत गेले. सांगताना मलाही वाईट वाटतं. ते इतके वाळले की अंगाचा भार उतरला आणि गुडघे दुखायचे थांबले. एका सकाळी ते सहज वडावर चढले. वर मधाने जड झालेली पोळी लोंबत होती. आजोबांनी जीभ बाहेर काढली.

खाली साळोजी येऊन उभा राहिला.

"खा, आजोबा, पोटभर खा," तो मायेने म्हणाला. "मध तुमचाच आहे. फक्त तिथला कमी झाला, की उद्याची वाटी आणखी लहान होईल."

आजोबांनी विचार केला. विचार करणं त्यांना नेहमीच महागात पडायचं. त्यांनी जीभ आत घेतली आणि हळूहळू खाली उतरले. उतरताना साळोजीने त्यांचा हात धरला. मग या देखरेखीबद्दल ठरलेली आपली एक वाटी त्याने चाटून संपवली. त्याची वाटी घागरीएवढी होती.

तात्पर्य : बाळांनो, स्वतःचा मध स्वतः कधी खाऊ नये. त्यात आपलंच नुकसान असतं.