उदासीन खोलीतली तांबडी जागा

सांगलीत विश्रामबागेकडच्या एका सोसायटीत राहणाऱ्या डॉ. अच्युत घैसास यांची बैठकीची खोली गेल्या उन्हाळ्यापासून उदासीन झाली होती, आणि तिथे बसलेल्या माणसाला कुठलीच भावना फार वेळ टिकवता येत नसे.

चूक घैसास सरांचीच होती. रंगाऱ्याने विचारलं होतं, "कुठला देऊ?" पिवळा म्हणावा तर पत्नीला, कुमुदताईंना, भडक वाटेल, निळा म्हणावा तर येणाऱ्याजाणाऱ्याला थंड वाटेल, पांढरा म्हणावा तर रंगाऱ्यालाच वाटेल की म्हातारा पैसे वाचवतोय. सरांनी शेडकार्ड बराच वेळ उलटसुलट केलं. शेवटी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या तोंडातून वर्गातलाच शब्द गेला, "आम्लही नको, आम्लारीही नको. उदासीन असू दे."

"उदासीन? देतो की," रंगारी बाबासो म्हणाला, आणि त्याने दिला. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा काहीतरी रंग होता तो. पुढे त्यावर पिवळा मारून पाहिला, तोही वाळता वाळता बिस्किटाचा झाला.

सोसायटीला ही खोली आवडली. तळमजल्यावरचे मगदूम पाण्याच्या टाकीवरून शिव्या देत यायचे, सोफ्यावर टेकायचे आणि थोड्या वेळाने म्हणायचे, "तसं माझं काही म्हणणं नाही." कमिटीच्या बैठका तिथेच होऊ लागल्या. सरांना लोक रस्त्यात थांबवून धन्यवाद देत, आणि सर खाली बघत. कारण राग जात होता तसा आनंदही जात होता, आणि ही गोष्ट त्यांच्याच लेकीच्या वाट्याला आली होती.

दिवाळीत मंजिरी बेळगावहून आली ती दारातूनच ओरडत. "बाबा, माझी स्वतःची बेकरी! आजपासून पाटीवर माझं नाव!" सोफ्यापर्यंत पोचेस्तोवर तिचा आवाज उतरला. सर म्हणाले, "बरं." कुमुदताई म्हणाल्या, "छान." मग त्या चकली आणायला आत गेल्या, आणि स्वयंपाकघरात त्यांना एकाएकी एवढा आनंद झाला की डबा तसाच हातात घेऊन त्या बाहेर धावल्या. उंबरठा ओलांडला आणि आनंद गेला. मंजिरीने एक चकली खाल्ली आणि संध्याकाळच्याच गाडीने ती परत गेली. त्यानंतर तिचा फोन आला तर तब्येतीपुरता.

कुमुदताईंना निदान स्वयंपाकघरात तरी आनंद झाला होता. सरांना ती खात्री नव्हती. त्यांनी गॅलरीत उभं राहून, भिंतीपासून लांब, "अरे वा!" म्हणून पाहिलं. हजेरी घेतल्यासारखं आलं. दोष खोलीचा की आपलाच, हे ठरवायला त्यांच्याजवळ तुलनेसाठी दुसरा अच्युत घैसास नव्हता. याची त्यांना फार लाज वाटे.

आता मंजिरी पुन्हा येणार होती. रविवारी.

"तिला स्वयंपाकघरातच बसवू या का?" सरांनी विचारलं.

"का म्हणून विचारेल. काय सांगणार आहात?" कुमुदताई म्हणाल्या. "आणि ती आल्या आल्या सोफ्यावरच बसते, लहानपणापासून. या वेळीसुद्धा तोंड पाडून गेली तर परत यायची नाही, सांगून ठेवते."

म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या शलाकाला बोलावलं. ती लोकांची घरं सजवून द्यायची. तिने टेप लावून खोली मोजली आणि डॉक्टरसारखा भिंतीवर हात फिरवला.

"रंग वाईट नाही, सर. अशा खोलीत जीव तपशिलांनी आणायचा असतो. थोडं खरबरीत, थोडं चकचकीत, एखादी गडद जागा. आल्याआल्या नजर कुठेतरी ठरली पाहिजे."

तिने उशांना खणाचे अभ्रे घातले. संध्याकाळपर्यंत खण बिस्किटाच्या रंगाचा झाला. काठांनी तेवढी जरा झुंज दिली. पितळी घंगाळात क्रोटन ठेवला, तर घंगाळाची चकाकी गेली आणि क्रोटनने पानांवरचे ठिपके मागे घेतले. मिरजेहून आणलेला जुना तंबोरा कोपऱ्यात उभा केला. तो छेडला की असा आवाज यायचा ज्याला सूर म्हणता येत नव्हतं आणि बेसूरही म्हणता येत नव्हतं.

"मग एकच उपाय," शलाका म्हणाली. "चारांतली एक भिंत निवडा. तिला गडद करू. पण निवडायची तुम्ही, सर. खोली तुमचं ऐकते."

सर खोलीच्या मधोमध उभे राहिले. जेवणाची वेळ झाली तरी उभेच होते.

"बाकीच्या तिघींना काय वाटेल?" ते शेवटी म्हणाले.

"अहो, भिंती आहेत त्या," कुमुदताई म्हणाल्या. "जावा नव्हेत."

तरीही सरांना निवडता आलं नाही. शनिवारी त्यांनी जुन्या पेटीतून जांभळा लिटमस कागद काढला, प्रत्येक भिंतीला एकेक पट्टी डकवली आणि कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून वाट पाहिली. पट्ट्या जांभळ्याच राहिल्या. खोली चोख उदासीन होती. बसल्या बसल्या त्यांना ते "बरं" आठवलं. कान तापले. आणि पाठीमागची पट्टी तांबडी झाली.

शरम आम्लधर्मी असते हे सरांना ठाऊक नव्हतं. अभ्यासक्रमात नव्हतं ते.

हाक ऐकून शलाका धावत आली. "काय आठवत होता, सर?"

सरांनी फरशीकडे बघत सांगितलं.

"परत आठवा."

ते अवघड नव्हतं. पट्टी आणखी गडद झाली आणि कानही लाल झाले. शलाका मागे सरकली, एक डोळा मिटून तिने पाहिलं आणि खुर्ची खिडकीकडे वीतभर ओढली. "इथे. उजेड बरोबर उजव्या कानावर पडतो. आता हलायचं नाही."

"म्हणजे यांना असंच बसवून ठेवायचं?" कुमुदताईंनी विचारलं.

"पाहुणे असतील तेव्हाच, काकू. रोज बसवलं तर रंग फिका पडेल."

"तो नाही पडायचा," कुमुदताई म्हणाल्या. "मी ओळखते यांना."

मगदूम टाकीचं सांगायला आले होते. ते दारातच थांबले. "शोभून दिसताय, सर," असं म्हणून ते टाकीचं न सांगताच गेले.

रविवारी मंजिरी आली. या खेपेला ती ओरडली नाही. तिच्या हातात बेकरीतल्या नानकटाईचा पुडा होता. सवयीने ती सोफ्यावर बसली, आणि कुमुदताईंनी स्वयंपाकघराच्या दारातून तिचा चेहरा सपाट होताना पाहिला. मंजिरीची नजर घंगाळावरून गेली, तंबोऱ्यावरून गेली, कोपऱ्यात आली आणि तिथे ठरली.

"बाबा, तुमचे कान."

"हो."

"काय झालंय?"

"दिवाळीचं आहे ते," सर न हलता म्हणाले.

मंजिरीने पुडा मांडीवर ठेवला. "मी बेकरीचं सांगितलं आणि तुम्ही 'बरं' म्हणालात. ते?"

"ते."

कान आता पाहवेनात इतके लाल झाले होते. मंजिरी मात्र पाहत राहिली, एखादं चित्र नीट टांगलंय का बघावं तशी, मान जराशी कलती करून.

"म्हणजे तेव्हा काहीतरी वाटलं होतं तुम्हाला."

हो म्हणणं सोपं होतं. पण खात्री नसलेलं सांगायची सरांना सवय नव्हती. "नक्की सांगता येत नाही गं," ते म्हणाले. "लाज वाटते, एवढं खरं."

"चालेल," मंजिरी म्हणाली. तिने सोफा ओढून खुर्चीसमोर आणला, पुडा सोडला आणि एक नानकटाई त्यांच्या तोंडापुढे धरली. "हलू नका. मी भरवते. पिठात वेलची जास्त झालीय का, सांगा."

"झालीय," सर म्हणाले, आणि कान पुन्हा पेटले.

"मलापण तसंच वाटत होतं."

"चहा कुठे देऊ गं?" कुमुदताईंनी आतून विचारलं. "इकडे येतेस स्वयंपाकघरात?"

"इथेच आण, आई," मंजिरी म्हणाली. "इथे बरं वाटतंय."

कुमुदताईंनी तीन कप बाहेर आणले, आणि सरांचा कप खिडकीतला उजेड अडणार नाही असा ठेवला.